चोवीस तासांच्या पत्राला आवक नंबर

नोकरीत मी किती कागदांना नंबर दिले ते मोजायला कधी बसले नाही. पण कोऱ्या कागदाला नंबर एकदाच दिला, आणि त्या एका नंबरापायी निवृत्तीला नऊ महिने उरले असताना मला चौकशीत उभं राहावं लागलं. आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी नोकरीबद्दल लिहा म्हणून संपादक ताई तीन वर्षांपासून मागे लागून राहिल्या आहेत. मी म्हटलं, बदल्या, बढत्या आणि सत्कार यातलं मला काही सांगायचं नाही. एका पत्राचं सांगते, चालत असेल तर छापा. माझी शाळा सगळी हिंदीत झाली, मराठी घरची आहे. चूक दिसली तर सुधारा, पण 'का'च्या जागी येणारं माझं 'काहून' काढू नका.

मी शकुंतला रामटेके. आजोबा भंडाऱ्याकडून जबलपूरला आले तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होते. मग राज्यांची वाटणी झाली, नागपूर तिकडं गेलं आणि आम्ही इकडंच राहिलो. धान्याची गोदामं सांभाळणाऱ्या एका कार्यालयात मी आवक-जावक शाखेत लागले आणि त्याच शाखेतून घरी आले. कार्यालयाचं नाव लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीतच आहे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, आवक-जावकमध्ये काय असतं, शिक्का मारायचा आणि नंबर टाकायचा. बरोबर आहे, तेवढंच असतं. पण तो नंबर पडेपर्यंत कागद कोणाचाच नसतो. पत्र हरवलं, दाबलं, फाडलं, तरी माझ्या रजिस्टरात ते कोणत्या तारखेला आलं, कोणाकडून आलं आणि कशाबद्दल होतं हे राहतं. मोठमोठे अधिकारी माझ्या मेजासमोर येऊन उभे राहायचे, 'दीदी, जरा पिछली तारीख में चढ़ा दो' म्हणायचे. मी म्हणायची, भैया, तारीख मी बनवत नाही, ती भिंतीवर लटकली आहे. त्यामुळे मी कोणाची लाडकी नव्हते. माझं त्याशिवाय काही अडलंही नाही.

हे काम मला नेमा जींनी शिकवलं. ते आमचे मोठे बाबू, धोतर नेसायचे आणि पेन्सिल कानावर ठेवायचे. तेव्हा गोदामांची डाक सायकलवरून यायची. पावसाळ्यात पनागरच्या गोदामाची डाक बहुतेक भिजूनच पोचायची. माझ्या पहिल्याच पावसाळ्यात असं एक पत्र आलं. शाई पसरून गेली होती, अर्ध्या ओळी निळ्या झाल्या होत्या. मी ते बाजूला ठेवलं, म्हटलं, वाळलं की चढवू. नेमा जींनी ते उचलून माझ्यासमोर ठेवलं.

"बेटा, आज जितना पढ़ा जा रहा है, कल उतना भी नहीं पढ़ा जाएगा."

मग त्यांनी मला भिजल्या डाकेचा नियम सांगितला. पत्र भिजलेलं आलं तर त्याच घडीला वाचायचं. जेवढं वाचता येतं त्याचं सार रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात आपल्या हातानं लिहायचं, 'भीगा हुआ प्राप्त' असा शेरा मारायचा आणि आणणाऱ्याची सही घ्यायची. मूळ कागद वाळवून फाईलला लावायचा, मग त्यावर एक अक्षरही उरलेलं नसलं तरी चालेल. हा नियम कुठल्या पुस्तकात लिहिलेला नव्हता. पण आमच्या शाखेत तो चालायचा आणि वरचे लोक तो मानायचे.

मग फॅक्स आला, कॉम्प्युटर आला, ई-मेल आली. ई-मेलचं ट्रेनिंग निघालं तेव्हा कोणी जायला तयार नव्हतं, म्हणून मला पाठवलं. मला वाटलं होतं, काय डोकं चालणार आहे आपलं या वयात. पण तिसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या पुढं होते. ई-मेल म्हणजे शेवटी डाकच आहे.

त्याच ट्रेनिंगमध्ये आपोआप नाहीशा होणाऱ्या पत्रांबद्दल सांगितलं. त्याच्या दोन-तीन रीती आहेत. काही वेबसाइटी अशा असतात की तिथं मजकूर लिहायचा, ती एक लिंक देते, ती लिंक आपण पुढच्याला पाठवायची. त्यानं एकदा उघडून वाचलं की मजकूर गेला, दुसऱ्यांदा लिंक उघडत नाही. फोनवरच्या गप्पांमध्येही मुदत लावता येते. आणि ई-मेलमध्ये पत्र लिहायच्या चौकटीखाली एक छोटं कुलूप असतं, त्यावर घड्याळ. ते दाबलं की विचारतं, हे पत्र किती दिवस राहू द्यायचं? एक दिवस, एक आठवडा, एक महिना, पुढंही आहे. आपण एक दिवस म्हटलं, की चोवीस तासांनी समोरच्याला ते उघडत नाही. हवं तर फोनवर येणारा आकडा टाकल्याशिवाय उघडणार नाही असंही करता येतं. ते पत्र त्याला पुढं पाठवता येत नाही, उतरवून घेता येत नाही आणि छापताही येत नाही. लोकांना ही जादू वाटते. खरं तर पत्र समोरच्याकडे जातच नाही, त्याला फक्त एक खिडकी दिसते. मुदत संपली की खिडकी बंद होते. खिडकीची चौकट मात्र त्याच्याकडे राहते, म्हणजे कोणी पाठवलं, कधी पाठवलं आणि विषय काय.

हे मी कार्यालयात येऊन सगळ्यांना शिकवलं. माझी छाती फुगली होती, खोटं काहून बोलू. आमचे बडे साहेब, म्हणजे विभागाचे प्रमुख, कोणाला जवळ उभं करायचे नाहीत. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि विचारलं, "रामटेके जी, ये ताला-घड़ी वाला क्या है?" मी त्यांच्या खुर्चीजवळ उभी राहून दोनदा करून दाखवलं. पहिलं कुलूपवालं पत्र मी आणि त्यांनी मिळून लिहिलं, ते माझ्याच नावानं शाखेच्या पत्त्यावर पाठवलं आणि एका दिवसानं ते कसं बंद झालं ते मी त्यांना माझ्या मेजावर बोलावून दाखवलं. ते खुश झाले. मला चहा पाजला. बडे साहेबांनी कोणाला चहा पाजल्याचं त्याआधी ऐकिवात नव्हतं.

या कुलपानं पहिला गोंधळ केला तो आमच्या लेखा शाखेच्या वर्मा जींच्या मुलीच्या लग्नात. वर्मा जींना कुलूप पाहून वाटलं की हे रजिस्टर्ड पोस्टासारखं आहे, पत्र नक्की पोचतं. म्हणून त्यांनी सगळ्या कार्यालयाला लग्नाची पत्रिका कुलूप लावून पाठवली, लग्नाच्या आठ दिवस आधी. मुदत तिथं आपोआप एक आठवड्याची लागलेली होती, तिला त्यांनी हात लावला नाही. लग्नाच्या संध्याकाळी आम्ही पंधरा-वीस जण नटूनथटून कार्यालयाच्या फाटकाशी जमलो, बायका गजरे माळून आणि पुरुष सूट घालून. फोन उघडले तर पत्रिकेची मुदत संपलेली. कोणाला लॉन आठवेना. कोणी म्हणे रांझीला आहे, कोणी म्हणे मदन महलकडं. शेवटी मी वर्मा जींना फोन लावला. ते बिचारे वरात घ्यायला उभे होते. म्हणाले, "दीदी, मेरे में तो दिख रहा है," आणि आपल्या फोनमधून अख्खी पत्रिका आम्हाला वाचून दाखवली, अगदी शेवटच्या 'दर्शनाभिलाषी'पर्यंत.

जेवण झकास होतं, पण माझं लक्ष जेवणात नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी माझ्या ई-मेलमध्ये जाऊन पाहिलं. साहेबांसोबत लिहिलेलं ते पहिलं पत्र माझ्या 'सेंट'मध्ये, म्हणजे पाठवलेल्या पत्रांच्या कप्प्यात, जसंच्या तसं होतं. घेणाऱ्याची खिडकी बंद होते, पाठवणाऱ्याचं पत्र राहतं. त्यानं स्वतः काढून टाकलं तरच जातं. हे मला ट्रेनिंगमध्ये कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून मीही साहेबांना सांगितलं नव्हतं. साहेब लग्नाच्या वेळी दौऱ्यावर होते. नंतर सांगू म्हटलं आणि राहून गेलं.

आता माया. माया गजभिये पनागरच्या गोदामाची प्रभारी होती. तिचे वडील त्याच गोदामात हमाल होते. ज्या शेडमध्ये त्यांनी पाठीवर पोती वाहिली, तिथंच त्यांची लेक खुर्चीवर बसून पोती मोजून घ्यायची. दर मंगळवारी ती डाक घेऊन यायची, आल्या आल्या "जयभीम दीदी" म्हणायची आणि माझ्या मेजाच्या कोपऱ्यावर पर्स ठेवायची. माझ्या मेजावर दुसऱ्या कोणाची पर्स मी ठेवू दिली नसती.

त्या मंगळवारी ती आली तीच बावरलेली.

"दीदी, बडे साहेबांची मेल आली आहे सकाळी. एक दिवसाची आहे. याचा प्रिंट काढून द्या, फाईलला लावते."

तिची मेल मी माझ्या कॉम्प्युटरवर उघडली. तिच्या फोनवर आकडा आला, तो टाकला. आदेश हिंदीत होता, चार ओळींचा. शेड क्रमांक दोन आज संध्याकाळपर्यंत रिकामं करा. तिथला गहू बाहेरच्या उघड्या ओट्यावर थप्पी लावून ठेवा. ताडपत्र्या नंतर पाठवतो. आणि चौथी ओळ होती, 'इसे आवक-जावक में दर्ज न किया जाए.'

ती चौथी ओळ वाचून माझं डोकं फिरलं. आवक-जावकमध्ये काय चढवायचं आणि काय नाही हे मला त्या वयात कोणी शिकवावं? मी प्रिंट दिला. मशीनमधून कागद आला तो वर डोकं आणि खाली पोट रिकामं. साहेबांचं नाव, मायाचं नाव, तारीख, वेळ, विषय आणि मुदत संपायची वेळ एवढंच छापलं होतं. मजकुराच्या जागी सफेद कागद. दुसऱ्यांदा केला, तसाच आला.

"राहू द्या दीदी," माया म्हणाली. "होतच नसेल."

"काहून राहू द्या? पावसात भिजून येतं ते पत्र नसतं का?"

मी तो कागद पुढ्यात ओढला, शिक्का मारला आणि नंबर टाकला. रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात चारही ओळींचं सार लिहिलं, चौथीसकट. पुढं शेरा काय मारावा याचा घडीभर विचार केला आणि नेमा जींचीच रीत लावून लिहिलं, 'मियादी ई-मेल, पढ़कर दर्ज', म्हणजे मुदतीची मेल, वाचून नोंदली. मायाची सही घेतली. स्वतःची केली. मला फार बरं वाटलं. साहेबांनी कुलूप लावलं, मी नंबर लावला, असं काहीतरी मनात चाललं होतं.

माया उठली नाही. खिडकीबाहेर बघत म्हणाली, "दीदी, आभाळ भरून आलं आहे. मावठ्याचा अवकाळी पाऊस पडला तर? ताडपत्री एक नाही माझ्याकडं. तुम्ही सांगा, करू का?"

मी रजिस्टर मिटत होते. म्हटलं, "साहेबांचा आदेश आहे, नंबर पडला आहे. कर."

ती गेली. संध्याकाळपर्यंत हमालांनी शेड रिकामं केलं. तिसऱ्या दिवशी मावठा आला आणि दोन दिवस थांबला नाही. गव्हाच्या पोत्यांना कोंब फुटले. ताडपत्र्या आल्या त्या पाऊस गेल्यावर.

आठवड्याभरात मायाला निलंबनाचा कागद मिळाला. विनाआदेश धान्य उघड्यावर हलवलं, असा आरोप. त्या कागदाला जावक नंबर माझ्याच हातानं पडला. शिक्का मी दोनदा मारला. सगळ्या नोकरीत शिक्का दोनदा पडलेला तो एकच कागद.

माया माझ्या घरी आली. तिच्या फोनमध्ये ती मेल होती, म्हणजे चौकट होती. आत लिहिलेलं, संदेशाची मुदत संपली आहे.

"फोटो काहून नाही काढला गं? स्क्रीनचा फोटो तर निघतो."

"तुम्ही नंबर दिला ना दीदी. मला वाटलं, झालं काम."

माझे यजमान आत चहा करून राहिले होते. ते रिछाईच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. माया गेल्यावर म्हणाले, "हिची नोकरी गेली तर हिच्या बापाची पाठ फुकट गेली." मी म्हटलं, जाणार नाही. ते म्हणाले, "तुला काय माहीत?" मी म्हटलं, मला माहीत आहे ते साहेबांना माहीत नाही.

त्या दिवशी मी ठरवलं की 'सेंट'ची गोष्ट तोंडातून काढायची नाही. मायाजवळ नाही, यजमानांजवळ नाही, वर्मा जींना तर मुळीच आठवण करून द्यायची नाही. साहेबांच्या कानावर गेलं तर दोन बोटांचं काम होतं, पत्र काढून टाकलं की संपलं. दोन महिने मी हे पोटात ठेवलं. ज्या बाईच्या तोंडात तीळ भिजत नाही म्हणून सासूबाई आयुष्यभर हसल्या, तिनं. माया रडून राहिली असायची आणि मी तिला एवढंच सांगायची, धीर धर, चौकशीत बोलू.

चौकशी लागली तशी साहेबांना माझ्या रजिस्टरची आठवण झाली. केबिनमध्ये बोलावलं. या वेळी चहा नव्हता.

"रामटेके जी, आपने कोरे काग़ज़ पर नंबर चढ़ा दिया. ये तो बड़ी लापरवाही है."

मी म्हटलं, "कोरा नहीं है सर. ऊपर आपका नाम है."

ते हसले. म्हणाले, तुमची नऊ महिने नोकरी राहिली आहे, काहून भानगडीत पडता. लाल शाईनं लिहून टाका, 'त्रुटिवश दर्ज, निरस्त.' चुकून नोंदलं, रद्द. सही करा, कोणी तुम्हाला विचारणार नाही.

भीती वाटली नाही असं म्हणणार नाही. निवृत्तीच्या तोंडावर चौकशी लागली की माणूस वर्षानुवर्षं चकरा मारतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या चकरांचे अर्ज माझ्याच मेजावरून जायचे. पण लाल शाई मी कोणासाठी उघडली नव्हती. मी म्हटलं, "सर, नंबर पड़ गया तो पड़ गया. काटना मुझे आता नहीं." आणि बाहेर आले. मेजावर येऊन अख्खा तांब्या पाणी प्यायले. त्या दिवसापासून रजिस्टर मी कपाटात ठेवून किल्ली पदराला बांधायला लागले. लोक हसले, हसू दिले.

भोपाळहून चौकशीला एक मॅडम आल्या. बारीक, चष्मा लावलेल्या, कोणाचा चहा न घेणाऱ्या. मीटिंगच्या खोलीत एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला माया, मध्ये मी. साहेब म्हणाले, मी असा कोणताही आदेश दिला नाही. एक साधी विचारणा पाठवली होती, शेडमध्ये किती जागा आहे म्हणून. बाकी सगळं या बाईंनी कोऱ्या कागदावर आपल्या मनानं लिहिलं आहे.

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. मी दोन रजिस्टरं नेली होती. एक आताचं, आणि एक नोकरीच्या पहिल्या पावसाळ्याचं, पानं पिवळी पडलेलं. आधी जुनं उघडलं. नेमा जींच्या अक्षरातली नोंद दाखवली, 'भीगा हुआ प्राप्त', शेजारी सार, खाली सायकलवाल्याची सही. नियम समजावून सांगितला. मग नवं उघडलं. मॅडम दोन्ही पानं बराच वेळ पाहत होत्या.

"रीत ठीक है," त्या म्हणाल्या. "पर मूल पत्र तो कहीं नहीं है न?"

मी म्हटलं, "है मैडम. पत्र मेरे यहाँ से गया, माया के यहाँ से गया. भेजने वाले के यहाँ से नहीं जाता. साहेबांचं 'सेंट' उघडायला सांगा." शेवटचं वाक्य घाईत मराठीत गेलं. मॅडमना ते समजलं.

साहेब म्हणाले, यांना काय कळतं कॉम्प्युटरमधलं. तेव्हा मला ते सांगावं लागलं जे सांगायची मला लाज वाटत होती. मी म्हटलं, कळतं, कारण हे कुलूप लावायला साहेबांना मीच शिकवलं. एवढी एक गोष्ट शिकवायची राहिली होती.

मॅडम साहेबांना म्हणाल्या, "खोलिए."

मॅडमनी लॅपटॉप त्यांच्यापुढं सरकवला. त्यांनी उघडलं. मी खुर्चीचा हात घट्ट धरला होता, कारण दोन महिन्यांत कोणी त्यांना सांगितलंच असेल तर माझं सगळं मातीत गेलं होतं. मॅडम स्क्रीनवर वाकल्या, तारीख शोधली आणि मला म्हणाल्या, "आप अपना सार पढ़िए."

मी वाचायला लागले. त्या बोट लावून स्क्रीनवर पाहत होत्या. शेड क्रमांक दोन. आज संध्याकाळपर्यंत. उघडा ओटा. ताडपत्र्या नंतर. चौथी ओळ मी वाचली, 'आवक-जावक में दर्ज न किया जाए', तेव्हा मॅडमनी चष्मा काढला. म्हणाल्या, यह कोई अपने मन से नहीं लिख सकता.

साहेबांची दुसऱ्या महिन्यात बदली झाली आणि पुढं त्यांच्यावर वेगळी चौकशी बसली. शेड कोणाच्या मालासाठी रिकामं केलं होतं ते त्यात निघालं. ते माझ्या मेजाचं काम नव्हतं. माया पनागरला परत रुजू झाली. मलाही एक कागद आला, ताकीद देणारा, मजकूर नसलेल्या कागदास नंबर दिल्याबद्दल आणि स्पष्ट सूचना असताना नोंद केल्याबद्दल. पाकीट माझ्याच मेजावर आलं. मी फोडलं, शिक्का मारला, नंबर टाकला, सार लिहिलं, 'आवक लिपिक को चेतावनी', आणि घेणारी म्हणून सही केली. शाखेतले सगळे हसले. मीही हसले.

इथं ही गोष्ट संपवली असती तर अंकात चांगली दिसली असती. पण अजून एक नोंद राहिली आहे.

चौकशीत मॅडमनी मायाला शेवटचा प्रश्न विचारला होता. आभाळ भरलेलं होतं, ताडपत्री नव्हती, तर पोती हलवण्याआधी कोणाला विचारलं होतं का, कोणी सल्ला दिला होता का? मी तिच्या शेजारीच बसले होते. माया म्हणाली, "नहीं मैडम. आदेश था, मैंने किया." मॅडमनी तसंच लिहून घेतलं. आणि मी, जिनं साहेबांसमोर लाल शाई उघडली नाही, ती गप्प बसले. मनात म्हटलं, आता सगळं जुळून आलं आहे, काहून बिघडवायचं. खरं ते नव्हतं. मला माझे नऊ महिने दिसत होते.

निवृत्तीच्या दिवशी माया आली, पर्स मेजाच्या कोपऱ्यावर ठेवली. मी तिला बाजूला घेतलं आणि म्हटलं, माया, त्या दिवशी 'कर' मी म्हटलं होतं. तू नाव काहून नाही घेतलं?

ती माझ्या साडीचा पदर सारखा करत म्हणाली, "तुम्ही लिहिलं म्हणून मी वाचले दीदी. तेवढं बोललेलं मी सारात नाही घेतलं. चलो, लोक थांबले आहेत हार घेऊन."

आम्ही बाहेर गेलो. भाषणांत सगळ्यांनी सांगितलं की रामटेके मॅडमच्या मेजावरून कधी काही नोंदल्याशिवाय गेलं नाही. माया समोरच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती.

त्याला आता चार वर्षं झाली. तो शब्द ना माझ्या 'सेंट'मध्ये आहे, ना तिच्या फोनमध्ये, तो आम्हा दोघींनाच माहीत होता. नेमा जींच्या हिशेबानं तर मी फारच उशीर केला. पण अजून वाचता येतं आहे तोवर लिहून टाकते. त्या मंगळवारी पनागरचा गहू उघड्यावर ठेवू का, असं मायानं मला विचारलं होतं, आणि मी तिला 'कर' म्हटलं होतं. संपादक ताई, याला आवक नंबर द्या.